घामाच्या नलिकेतला कर्करोग

तळपायाला गाठ आली की ती कुरूप समजून ब्लेडने खरवडली जाते, चामखीळ समजून तिला चुना लावला जातो किंवा घोड्याच्या शेपटीचा केस बांधला जातो. बहुतेक वेळा ती गाठ निरुपद्रवीच असते. परंतु क्वचित ती पोरोकार्सिनोमा, म्हणजे घामाच्या नलिकेचा कर्करोग असतो, आणि असे उपाय करण्यात निदानाचे मोलाचे महिने निघून जातात. उतारवयात, विशेषतः पायांवर, जुनी गाठ एकाएकी वाढू लागली, चिघळली किंवा तिच्यातून रक्त येऊ लागले, तर बायोप्सी करून घ्यावी.

स्वेदग्रंथीची नलिका त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून नागमोडी वाट काढत बाहेर उघडते. या शेवटच्या तुकड्यातील पेशींपासून पोरोमा ही साधी गाठ होते आणि पोरोकार्सिनोमाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो त्वचेच्या इतर कर्करोगांसारखा भासतो, म्हणून विकृतिशास्त्रज्ञ त्यात इवल्या नलिका शोधतात.

यामागची जनुकीय घडामोड विलक्षण आहे. पेशींची दाटी झाली की हिप्पो नावाची संदेशसाखळी वायएपी या प्रथिनाला फॉस्फेट जोडून केंद्रकाबाहेर अडवून ठेवते आणि पेशींची वाढ थांबते. जपानमधील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, पोरोमा आणि पोरोकार्सिनोमा या दोहोंत वायएपीचे जनुक अनेकदा तुटून दुसऱ्या जनुकाला चिकटलेले असते, आणि त्यातून बनणारे जोडप्रथिन वाढीची जनुके चालूच ठेवते. काही गाठींत हा जोडीदार असतो एनयूटी, जे प्रथिन निरोगी प्रौढ शरीरात मुख्यतः वृषणात आढळते. या प्रथिनाला रंगवणाऱ्या चाचणीत ते पायाच्या गाठीत दिसले, तर गाठीचे मूळ ओळखण्यास मोठा आधार मिळतो. मात्र हीच जोडणी साध्या गाठीतही असल्याने ती कर्करोग सिद्ध करत नाही. पेशी आजूबाजूच्या ऊतींत बेशिस्तपणे घुसल्या आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ठरते.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. नेहमीच्या पद्धतीत काढलेल्या तुकड्याचे पावासारखे उभे काप तपासले जातात, त्यामुळे कडेचा थोडाच भाग नजरेखाली येतो. मोह्‌स शस्त्रक्रियेत तुकड्याचा तळ आणि कड आडव्या कापांनी संपूर्ण तपासून, रोग उरला असेल तेवढ्याच ठिकाणी पुन्हा छेद घेतात. पायावरचा रोग जांघेतील लसीका ग्रंथींत पोहोचू शकतो, म्हणून त्याही तपासाव्या लागतात. दूर पसरलेल्या रोगावर अद्याप खात्रीचे औषध नाही.