व्हर्च्युअल मशीन, घरगुती संगणकावरील

व्हर्च्युअल मशीन : प्रत्यक्ष संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेला, स्वतःपुरता पूर्ण असा संगणक. आपल्याला स्वतंत्र प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्क कार्ड मिळाले आहे असेच आतील ऑपरेटिंग सिस्टिम धरून चालते. बाहेरील सिस्टिमला यजमान, आतील सिस्टिमला अतिथी, तर दोहोंमधील वाटप सांभाळणाऱ्या प्रोग्रामला हायपरव्हायजर म्हणतात. घरगुती वापरात व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, विंडोजमधील हायपर-व्ही आणि लिनक्समधील केव्हीएम हे प्रचलित आहेत.

उगम : ही कल्पना १९६० च्या दशकाच्या मध्यास आयबीएममध्ये आकाराला आली, याबद्दल मतभेद नाहीत. पहिलेपणाचा मान कोणाला, याबद्दल आहेत. काही लेखक तो यॉर्कटाउन येथील एम४४/४४एक्स या प्रायोगिक यंत्रणेला देतात. तिच्यात आयबीएम ७०४४ या संगणकाच्या अनेक प्रतिमा एकाच वेळी चालत. परंतु त्या मूळ यंत्राशी पूर्णपणे जुळत नसत. अमेरिकेतील केंब्रिज (मॅसेच्युसेट्स) येथे रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली घडलेली सीपी-४० ही प्रणाली सुमारे जानेवारी १९६७ पासून वापरात आली. तिने मूळ यंत्राची पूर्ण प्रत उभी केली आणि कोणताही बदल न केलेली ऑपरेटिंग सिस्टिम तीवर चालू शकली. आजच्या अर्थाने पाहता सीपी-४० चा दावा अधिक बळकट वाटतो. तिच्यातूनच पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० आली.

एक्स८६ ची अडचण : घरगुती संगणकावर हे तंत्र उशिरा पोहोचले, आणि त्याचे कारण प्रोसेसरच्या रचनेत आहे. जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये एक अट मांडली : यंत्राची स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक संवेदनशील सूचना विशेषाधिकारी असावी, म्हणजे कमी अधिकाराच्या पातळीवरून ती दिली गेल्यास प्रोसेसरने थांबून नियंत्रण हायपरव्हायजरकडे सोपवावे. एक्स८६ कुळातील, म्हणजे इंटेल व एएमडीचे घरगुती संगणकांतले नेहमीचे प्रोसेसर ही अट पाळत नव्हते. ‘पॉपएफ’ ही सूचना याचे ठळक उदाहरण होय. ती स्टॅकवरील (मेमरीतील तात्पुरत्या साठ्यातील) मूल्य फ्लॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरची स्थिती नोंदवणाऱ्या जागेत उतरवते. त्यातील एक बिट इंटरप्ट (प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारे संकेत) चालू-बंद करतो. कमी अधिकारात दिल्यास प्रोसेसर तो बिट बदलत नाही आणि त्रुटीही कळवत नाही. अतिथी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) इंटरप्ट बंद झाले असे समजून पुढे जातो, हायपरव्हायजरला मात्र काहीच कळलेले नसते. रॉबिन व आयर्व्हाइन यांनी २००० मध्ये पेंटियममधील अशा १७ सूचना नोंदवल्या.

व्हीएमवेअरने १९९९ मध्ये या सूचना चालण्यापूर्वीच पकडून त्यांच्या जागी सुरक्षित कोड घालण्याचा मार्ग बाजारात आणला. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही देऊन अडचण हार्डवेअरमध्येच सोडवली. हार्डवेअरची मदत येताच वेग वाढला, असे सर्रास लिहिले जाते. ते जपून स्वीकारावे. अ‍ॅडम्स व एजेसन यांच्या २००६ मधील तुलनेत पहिल्या पिढीची हार्डवेअर पद्धत अनेक कामांत सॉफ्टवेअर पद्धतीहून मंद आढळली. खरा फरक पडला तो मेमरीच्या पत्त्यांचे दुहेरी रूपांतर (आधी अतिथीच्या, मग प्रत्यक्ष यंत्राच्या पत्त्यात) प्रोसेसर स्वतः करू लागल्यावर; ही सोय एएमडीत २००७ मध्ये आणि इंटेलमध्ये २००८ मध्ये आली. व्हर्च्युअलबॉक्सने ६.१ या आवृत्तीपासून हार्डवेअर सुविधेशिवाय चालण्याची सोय काढून टाकली.

वर्गीकरण : थेट हार्डवेअरवर चालणारा पहिला प्रकार आणि यजमान सिस्टिमवर चालणारा दुसरा, ही गोल्डबर्ग यांची १९७३ मधील विभागणी पाठ्यपुस्तकांत कायम आहे. २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आलेला केव्हीएम कोणत्या प्रकारात बसवावा यावर एकमत नाही. हायपर-व्ही सुरू केल्यावर तर विंडोज स्वतःच त्याच्यावर चालू लागते. घरगुती वापरात याहून उपयोगी प्रश्न असा : प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा या क्षणी कोणाच्या ताब्यात आहे? बहुतेक बिघाडांचे मूळ तिथे सापडते.

उभारणी : विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात सीपीयू निवडल्यास व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद ते दिसते. बंद असल्यास बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेलसाठी ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ आणि एएमडीसाठी ‘एसव्हीएम मोड’ हा पर्याय चालू करावा. काही मदरबोर्डवर हा बदल संगणक पूर्ण बंद करून पुन्हा लावल्यावरच लागू होतो.

रॅमच्या वाटपात यजमानाला निम्मी तरी राखून ठेवावी. यजमान स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरील जागा) वापरू लागला की दोन्ही सिस्टिम एकदमच रेंगाळतात. प्रोसेसरचे सर्व कोर अतिथीला देण्याचा मोह टाळावा. अतिथीचा एक आभासी कोर कर्नलमधील कुलूप (सामायिक माहितीवर एका वेळी एकालाच काम करू देणारी खूण) धरून असताना यजमानाने त्याला बाजूला काढले, तर त्या कुलपाची वाट पाहणारे इतर कोर वेळ वाया घालवतात. म्हणून चार कोरच्या संगणकावर दोन दिलेले मशीन चार दिलेल्यापेक्षा सुरळीत चालू शकते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, दोन कोर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आभासी टीपीएम ७.० या आवृत्तीपासून मिळतो.

डिस्कची फाइल गरजेप्रमाणे वाढणारी ठेवणे सोयीचे. मात्र आतील मजकूर पुसला तरी ती आपोआप लहान होत नाही. यजमानाची डिस्क भरली की व्हर्च्युअलबॉक्स मशीन मध्येच थांबवतो. जागा मोकळी करून ते पुढे चालवता येते, त्यामुळे घाईने बंद करू नये. फॅट३२ ड्राइव्हवर फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचताच लेखन अडते. डिस्कचा आकार वाढवल्यावर अतिथीच्या आत पार्टिशनही वाढवावे लागते. ही दुसरी पायरी हमखास राहून जाते. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपणारी नोंद) घेतल्यानंतरचे सर्व लेखन नव्या फरक-फाइलमध्ये जाते. ती फाइल फोल्डरमधून हाताने उडवल्यास पुढची साखळी निकामी होते. स्नॅपशॉट प्रोग्राममधूनच काढावा, आणि विलीनीकरणासाठी मोकळी जागा आधी पाहावी. स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे : मूळ डिस्क-फाइल बिघडली तर तोही गेला.

नेटवर्क : व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट पद्धतीत (अतिथी यजमानाच्या आडून इंटरनेट वापरतो) अतिथीला सहसा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. इंटरनेट चालते, पण यजमानाकडून आत जाता येत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करावे, उदा. यजमानाचे २२२२ पोर्ट अतिथीच्या २२ कडे. साध्या नॅटवरील दोन मशीन्सचा पत्ता एकच दिसतो आणि ती एकमेकांना सापडत नाहीत. त्यांना ‘नॅट नेटवर्क’ द्यावे. ब्रिज पद्धत (अतिथी घरच्या नेटवर्कला स्वतंत्र संगणकासारखा जोडला जातो) केबलवर विनातक्रार चालते. वायफायवर अ‍ॅक्सेस पॉइंट नोंदणी झालेल्या मॅक पत्त्याच्याच (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाच्याच) फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे स्वीकारतो, त्यामुळे ती अडखळते. लिनक्सचे मशीन क्लोन केल्यावर मॅक पत्ता बदलूनही दोघांना एकच आयपी मिळत असेल, तर ‘मशीन-आयडी’ (लिनक्सने त्या मशीनला दिलेला ओळखक्रमांक) तोच राहिला आहे का ते पाहावे.

बिघाड : अतिथी अतिशय मंद चालतो आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीखाली हिरवे कासव दिसते, याचा अर्थ प्रोसेसरची सुविधा हायपर-व्हीने घेतली आहे. विंडोजच्या होम आवृत्तीत हायपर-व्ही मॅनेजर नसतो, तरीही व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म किंवा सुरक्षा विभागातील मेमरी इंटेग्रिटी हे पर्याय त्याचा गाभा सुरू ठेवतात. ते बंद करून संगणक पुन्हा सुरू केला की कासव जाते. पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) थांबते आणि मेमरी इंटेग्रिटीचे संरक्षणही जाते. डब्ल्यूएसएल रोज लागत असेल तर हायपर-व्ही ठेवून त्यातच मशीन उभारणे शहाणपणाचे.

लिनक्स यजमानावर कर्नल ६.१२ पासून केव्हीएमचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) लोड होतानाच सुविधा ताब्यात घेते. व्हर्च्युअलबॉक्स अचानक सुरू होईनासा झाल्यास ते मॉड्यूल उतरवावे. सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड सुरू होऊ देणारी सुरक्षा सोय) चालू असताना सही नसलेले व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल कर्नल नाकारतो. अशा वेळी मॉड्यूलवर स्वतःची सही करून तिची किल्ली फर्मवेअरमध्ये नोंदवावी.

पडदा लहानच राहणे, क्लिपबोर्ड न चालणे ही गेस्ट अ‍ॅडिशन्स (अतिथीत बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे पूरक सॉफ्टवेअर) न बसल्याची लक्षणे. लिनक्स अतिथीत त्याआधी चालू कर्नलचेच हेडर तसेच जीसीसी आणि मेक ही कोड बांधण्याची साधने लागतात. सामायिक फोल्डर दिसतो पण उघडत नाही, तेव्हा वापरकर्त्याला ‘व्हीबॉक्सएसएफ’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावे. पडदा काळा राहिल्यास व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करून थ्रीडी अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहावे.

एआरएम संगणक : अ‍ॅपलच्या एम मालिकेतील प्रोसेसर एक्स८६ नव्हे, तर एआरएम या वेगळ्या रचनेचे आहेत; त्यांच्यावर केवळ एआरएम अतिथी पूर्ण वेगाने चालतात. एक्स८६ सिस्टिमसाठी क्यूईएमयूसारखे एम्युलेशन (दुसऱ्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरने केलेली नक्कल) लागते आणि ते बरेच मंद असते, म्हणून उबुंटू किंवा विंडोजची एआरएम आवृत्तीच निवडावी. व्हर्च्युअलबॉक्सने या संगणकांवर एआरएम अतिथींना अधिकृत आधार ७.१ या आवृत्तीत, २०२४ मध्ये दिला.