७२ तास, पण कशाचे?

“७२ तासवाली गोळी द्या, म्हणजे दोघंही सेफ.” माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे ऐकलं की माझं डोकं उठतं. दोघं कुठून आले? गोळी घेणार ती, आणि तीही दिवस जाऊ नयेत म्हणून. तू कशापासून सेफ? संबंधांतून लागणाऱ्या रोगांपासून तर नाहीच.

माला-डी, तांबी यांचं बहुतेकांना ठाऊक असतं. तांबी दहा वर्षं गर्भ रोखते, गोनोरियासारख्या गुप्तरोगाला एक दिवसही अडवत नाही. ते सोडा. खरा घोळ या ७२ चा आहे, कारण एचआयव्हीचा धोका झाल्यावर घ्यायच्या ‘पेप’ औषधांनाही हीच मुदत आहे. आकडा जुळला, म्हणून लोकांनी औषधंही जुळवून टाकली.

ही ७२ तासवाली इमर्जन्सी पिल म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एकदाच. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. तेवढ्यात स्त्रीबीज सुटू नये म्हणून ही गोळी ते लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. विषाणूशी तर तिचं काही देणंघेणंच नाही.

पेपचं तसं नाही. एचआयव्ही शरीरात शिरला की लगेच सगळीकडे पसरत नाही, आधी आसपासच्या पेशींत वाढतो. तो तिथेच असताना त्याला गाठायचं असतं, म्हणून पहिल्या काही तासांतच पळा. ७२ वा तास ही शेवटची गाडी. आणि एका गोळीत भागत नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर, ही तीन औषधं रोज, २८ दिवस. आधी रक्ततपासणी, नंतर पुन्हा तपासण्या. हे डॉक्टरांनीच सुरू करायचं. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागू नका, मिळणार नाही. कुठे जायचं ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. एवढं करूनही ते एचआयव्हीपुरतंच. सिफिलिस, क्लॅमिडिया हे बाकीचे गुप्तरोग त्यात येत नाहीत.

“पाळी आली, सुटलो,” हे त्याहून वाईट. पाळी आली म्हणजे दिवस गेले नाहीत, इतकंच. क्लॅमिडियाची बायकांमध्ये बहुधा लक्षणंच दिसत नाहीत, आणि आत गर्भनलिका खराब होत राहू शकतात.

दोन्ही कामं एकदम करणारी वस्तू माझ्याकडे एकच आहे, कंडोम. हर्पिस, एचपीव्ही हे विषाणू कातडीला कातडी लागून पसरतात, तिथे तो थोडा कमी पडतो. तरी माझं मत त्यालाच. गंमत अशी की पिल खणखणीत आवाजात मागणारी हीच मंडळी कंडोमसाठी दुकान रिकामं व्हायची वाट पाहत फुटपाथवर उभी असतात.