नदीचा श्वास राखणारा चिखल

सांडपाणी सोडलं की नदीतले मासे मरतात. विषबाधेनं मरत असतील असं आपण धरून चालतो, पण बरेचदा ते गुदमरून मरतात.

सांडपाण्यात सुमारे 99.9 टक्के पाणीच असतं. उरलेल्या चिमूटभर ऐवजात मैला, अन्नकण, तेल, साबण. नदीतल्या जिवाणूंना ही मेजवानीच. ते त्यावर तुटून पडतात आणि खाता खाता पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तो आधीच तुटपुंजा: 20 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. उलट लिटरभर कच्च्या सांडपाण्याची प्राणवायूची भूक 200 मिलिग्रॅमच्या घरात किंवा त्याहून जास्त. ही भूक म्हणजेच बीओडी. नमुना बाटलीत बंद करून 20 अंशांना पाच दिवस अंधारात ठेवतात आणि प्राणवायू किती घटला ते मोजतात. म्हणजे एक लिटर सांडपाणी नदीच्या वीस-बावीस लिटर पाण्याचा श्वास गिळू शकतं.

शुद्धीकरण केंद्र ही पंगत नदीऐवजी टाक्यांत बसवतं, एवढंच. वाहती नदी जे काम काही दिवसांत करते, ते इथे काही तासांत उरकतं.

सुरुवातीच्या जाळ्यांत चिंध्या आणि प्लॅस्टिक अडकतं, पुढे वाळू खाली बसते, मग संथ टाकीत जड मैला. तरीही निम्म्याहून अधिक भूक पाण्यात शिल्लक असते. खरी गंमत पुढच्या, हवा खेळवणाऱ्या टाकीत. तिथलं पाणी चॉकलेटी, फेसाळ दिसतं आणि तब्येत चांगली असेल तर त्याला दुर्गंधी नव्हे, ओल्या मातीसारखा वास येतो. तळातून ब्लोअर हवेचे बारीक बुडबुडे सोडत राहतात. केंद्राच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी वीज याच कामात जाते.

या टाकीमागची युक्ती इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या रसायनतज्ज्ञांनी 1914 मध्ये जाहीर केली. नुसती हवा सोडून सांडपाणी पूर्ण शुद्ध व्हायला त्यांना काही आठवडे लागले होते. मग वरचं पाणी काढून तळाचा, जिवाणूंनी भरलेला गाळ त्यांनी तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी ओतलं. दर फेरीला वेळ कमी होत गेला, अखेर एका दिवसाच्या आत आला. विरजण राखून ठेवावं तसाच हा प्रकार. आजही हवेच्या टाकीतलं पाणी पुढच्या टाकीत निवळू देतात आणि तिथला बराचसा गाळ परत हवेच्या टाकीत फिरवतात. जादा गाळ बंद टाकीत कुजवून त्यातून मिथेन काढतात.

हे विरजण बिघडलं नाही ना, हे पाहायची चाचणी अगदी साधी आहे. लिटरभर चॉकलेटी पाणी काचेच्या नळीत भरून अर्धा तास ठेवायचं. चांगला गाळ खाली बसतो, वर निवळशंख पाणी उरतं. धाग्यांसारखे जिवाणू माजले तर मात्र गाळ कापसासारखा फुगतो, बसतच नाही आणि पाण्याबरोबर नदीच्या वाटेला लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली व्हॉर्टिसेला हा घंटेच्या आकाराचा एकपेशी जीव दिसला तर जाणकार खूश होतात. देठावर डोलणारी ही घंटा दचकली की देठ स्प्रिंगसारखा आखडून घेते. सुटे जिवाणू गिळून पाणी स्वच्छ करणारा हा कामगार मला तरी त्या टाकीतला सगळ्यात देखणा वाटतो.

अमोनियाचं प्रकरण जरा नाजूक आहे. तो माशांना थेट विषारी, आणि त्यातल्या दर ग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. नंतर हवा नसलेल्या टाकीत दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन आकाशात जातो.

नायट्रेट करणारे जिवाणू असे सावकाश वाढतात, म्हणूनच मुसळधार पाऊस ही केंद्राची परीक्षा असते. जिथे पावसाचं आणि मैल्याचं पाणी एकाच गटारातून येतं, तिथे काही तासांत प्रवाह कित्येक पट होतो. तो सगळा आत घेतला तर गाळच वाहून जातो. मग काही पाणी साठवण टाक्यांत वळवतात, आणि त्याही भरल्या तर अर्धवट निवळलेलं पाणी नाइलाजानं नदीत सोडतात. गाळ गेलाच, तर इतर जिवाणू लवकर सावरतात, पण अमोनिया खाणाऱ्यांची वस्ती पुन्हा जमायला आठवडे लागू शकतात. तोवर अमोनिया नदीत जात राहतो.