जुन्या संगणकासाठी रॅमची गरज

ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली) सुरू होऊन रोजचे काम न अडखळता चालावे यासाठी लागणारी रॅम, म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता ठेवणारी संगणकाची स्मृती. छापील किमान अट आणि कामाचा आकडा यांत बरेच अंतर असते. विंडोज एक्सपीची (२००१) किमान अट ६४ एमबी होती. विंडोज ७ (२००९) आणि विंडोज १० (२०१५) दोन्हींसाठी ती ३२-बिट आवृत्तीला १ जीबी, ६४-बिट आवृत्तीला २ जीबी अशी सारखीच राहिली. विंडोज ११ (२०२१) ने ती ४ जीबीवर नेली. १ जीबीत विंडोज १० सुरू होते खरी, पण चालते म्हणणे धाडसाचे.

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपमध्ये बिलांपुरता ठेवलेला जुना पीसी २ जीबीत टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर निमूट चालवतो. जीएसटीचे पोर्टल उघडायला ब्राउझर लावला की तोच मान टाकतो, कारण एकेक टॅब शेकडो एमबी खातो. रॅम भरल्यावर सिस्टीम त्यातला काही मजकूर डिस्कवर हलवते. हार्ड डिस्क रॅमपेक्षा फारच मंद. माउस हलतो, खिडकी उघडत नाही, कॅबिनेटवरचा लाल दिवा मात्र विझत नाही. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लावायची वेगवान साठवण) बसवल्यास त्रास कमी होतो, रॅम वाढत नाही.

रॅम वाढवण्यालाही मर्यादा आहेत. ३२-बिट विंडोजमध्ये ४ जीबी घातली तरी साधारण ३ ते ३.५ जीबीच वापरता येते. उरलेले पत्ते, म्हणजे मेमरीतल्या जागांचे क्रमांक, ग्राफिक्ससारख्या उपकरणांकडे जातात. मदरबोर्डचीही कमाल मर्यादा असते: जी३१ या जुन्या चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपांचा) बोर्ड ४ जीबीवर थांबतो. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या दोन पिढ्या; दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुनी रॅम काढून सोबत न्यावी हे उत्तम. पावसाळ्यानंतर पीसी नुसताच बीप देत असेल, तर नवी घेण्याआधी रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून, दोन्ही लॉक टक् वाजेपर्यंत ती दाबून बसवून पाहावी.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालता येते. तिच्यातल्या लिनक्स मिंट या प्रकाराची किमान अट २ जीबी, शिफारस ४ जीबीची. लुबुंटू हा दुसरा प्रकार त्याहून हलका. युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतातल्या) मराठीला लिनक्सवर अडचण नाही. अडते ते लग्नपत्रिका जुळवणाऱ्या छापखान्यांचे: वर्षानुवर्षांच्या फायली श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये, आणि श्रीलिपी विंडोजवरची.