अजाइल पद्धती आणि अभियांत्रिकी सवयी

अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडे थोडे तयार करून, दर खेपेला ग्राहकाला दाखवून आणि त्याच्या म्हणण्यानुसार पुढचे ठरवत जाण्याची कार्यपद्धती. मराठीत तिला ‘चपळ’ म्हणता येईल, पण कचेरीत तसे कोणी म्हणत नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला. त्यातल्या चार मूल्यांमध्ये कोड कसा लिहावा याविषयी काहीच नाही. सोबतच्या १२ तत्त्वांपैकी नववे तेवढे सांगते, की तांत्रिक गुणवत्तेकडे आणि चांगल्या रचनेकडे सतत लक्ष दिले तर चपळता वाढते. सर्वांत कमी वाचले गेलेले तत्त्व बहुधा हेच असावे.

त्याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. दर दोन आठवड्यांनी नवे काही द्यायचे, तर आधीचे सगळे अजून चालते ना, हेही दर दोन आठवड्यांनी तपासावे लागते. पहिल्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या अशा दोन आठवड्यांच्या टप्प्यात, हाताने तपासणी अर्ध्या दिवसात उरकते. दहाव्यात आधीच्या नऊ स्प्रिंटच्या गोष्टी समोर उभ्या असतात. तपासणी यंत्राकडे सोपवली नसेल, तर एक तर नव्या कामाला वेळ उरत नाही किंवा तपासणीला कात्री लागते. मग चालत्या कोडला हात लावायची भीती बसते, आणि जाहीरनाम्यातले ‘बदलाचे स्वागत’ फक्त फलकावर उरते.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या पद्धतीने हे आधीच ओळखले होते. क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या ‘सी-३’ प्रकल्पात केंट बेक यांनी १९९६ पासून तिची घडी बसवली. आधी चाचणी (कोड तपासणारा छोटा कोड) लिहून मग कोड लिहिणे, दोघांनी एका संगणकावर बसून काम करणे, वर्तन न बदलता कोडची रचना सुधारणे (रिफॅक्टरिंग), प्रत्येकाचे काम दिवसातून अनेकदा एकत्र जोडणे, या तिच्या सवयी. त्या एकमेकींच्या आधाराने चालतात: चाचण्या नसतील तर रिफॅक्टरिंग म्हणजे अंधारात हात घालणे. १९९७ मध्ये या प्रणालीवरून सुमारे १०,००० जणांचे पगार निघू लागले. प्रकल्प मात्र २००० मध्ये बंद पडला. चांगल्या सवयींमुळे प्रकल्प तगतोच असे नाही.

पुढे सर्वाधिक पसरले ते स्क्रम. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही चौकट कामाची आखणी आणि बैठका ठरवते. कोड कसा लिहायचा हे मुद्दाम संघावर सोडते. अनेक कंपन्यांनी बैठका तेवढ्या उचलल्या, कारण त्या सोमवारपासून सुरू करता येतात. चाचण्यांची सवय लागायला महिने जातात. अशा संघांची गत मार्टिन फाउलर यांनी २००९ मध्ये ‘फ्लॅसिड स्क्रम’, म्हणजे लुळे स्क्रम, या नावाने मांडली: काही महिने वेग छान, नंतर प्रत्येक बदल जड.

या जडपणामागच्या कारणाला ‘तांत्रिक कर्ज’ म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये ही उपमा वापरली, तेव्हा गबाळ्या कोडला सूट देण्याचा त्यांचा हेतू नव्हता. विषय पुरता कळण्याआधी लिहिलेला कोड, समज वाढली की पुन्हा नीट करणे, ही त्यांच्या लेखी कर्जफेड होती.