पिकांतील अंतर्वासी बुरशी

निरोगी वनस्पतीच्या पानांत, खोडात, मुळांत किंवा बियांत राहणारी, पण रोगाचे कोणतेही लक्षण उमटू न देणारी बुरशी. शास्त्रीय लेखनात तिला एंडोफाइट म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ अँतोन द बारी यांनी हे नाव १८६६ मध्ये वापरले. मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळाबाहेर मातीत दूरवर पसरतात, तर अंतर्वासी बुरशीचा बहुतेक जीवनक्रम वनस्पतीच्या आतच होतो. आजवर तपासलेल्या जवळजवळ सर्व वनस्पतींत ती आढळली आहे. ती ‘निरुपद्रवी’ असते असे सरसकट म्हटले जाते, पण हे विधान जपून वाचले पाहिजे. वनस्पतीला उपद्रव नाही म्हणून ती वनस्पती खाणाऱ्यालाही नाही, असे होत नाही.

ही बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पान अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुऊन पृष्ठभागावरचे जंतू मारतात आणि त्याचे तुकडे पोषक माध्यमावर ठेवतात. मग कापलेल्या कडेतून जे तंतू बाहेर येतात ते आतले समजायचे. प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जाती डीएनए तपासणीतूनच कळतात.

बहुतेक पिकांत ही बुरशी बाहेरून येते. हवेतले आणि पावसाच्या थेंबांतले बीजाणू कोवळ्या पानावर पडतात, रुजतात आणि आत शिरतात. कोकोचे पान उमलते तेव्हा बुरशीपासून जवळपास मुक्त असते आणि काही आठवड्यांत अनेक जातींनी भरून जाते. पनामात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशी भरलेली पाने फायटोप्थोरा या रोगजंतूने कमी करपली. गवतांतली एपिक्लोई ही बुरशी मात्र निराळी आहे. तिच्या काही जाती बाहेर बीजाणू सोडतच नाहीत. पेशींच्या मधल्या फटींतून पानाच्या आवरणात वाढत त्या फुलोऱ्यात आणि तिथून बीत शिरतात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बियाण्यातूनच पुढे जातात. एपिक्लोई ही बाजरीवरच्या अरगट या विषारी बुरशीच्या कुळातली आहे आणि तिची काही विषे अरगटाच्याच जातीची असतात.

एपिक्लोई समजून घेण्यासाठी टॉल फेस्क्यू या चाऱ्याच्या गवताचा इतिहास फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एका डोंगरउतारावर १९३१ मध्ये या गवताचा चिवट वाण नजरेत आला आणि १९४३ मध्ये तो ‘केंटकी ३१’ या नावाने प्रसारित झाला. दुष्काळ, कीड, हलकी जमीन, सततची चराई असे सारे तो सोसत असे. आज अमेरिकेत टॉल फेस्क्यूखाली सुमारे साडेतीन कोटी एकर क्षेत्र आहे. पण या गवतावर चरणारी गुरे उन्हाळ्यात धापा टाकत, पाण्यात उभी राहत, त्यांचे दूध आणि वजन घटे. थंडीत रक्तपुरवठा तुटून खूर आणि शेपटीचे टोक झडे. गाभण घोड्या मुदतीपलीकडे जात आणि व्यायल्यावर त्यांना दूध येत नसे. गवत हिरवेगार, त्यावर ना डाग ना बुरशीची पावडर. त्यामुळे कारण कित्येक वर्षे सापडले नाही. अखेर जॉर्जियातल्या एका शेतावर दोन कुरणांची तुलना झाली. गुरे आजारी पडत त्या कुरणातल्या जवळजवळ प्रत्येक झाडात ही अंतर्वासी बुरशी होती, धडधाकट गुरांच्या कुरणात ती तुरळक होती. चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी हे १९७७ मध्ये मांडले. बुरशीने तयार केलेले अर्गोव्हॅलिन हे विष रक्तवाहिन्या आवळते, हे पुढे स्पष्ट झाले.

त्यावर बुरशीमुक्त बियाणे बाजारात आले. गुरे सुधारली, पण गवतच तग धरेना. कोरड्या वर्षांत आणि जास्त चराईखाली ते विरळ होऊ लागले. ज्या चिवटपणासाठी हा वाण नावाजला होता, त्यातला मोठा वाटा बुरशीचा होता. या साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे असे वाटते: गवताची पारख करताना लोक एका जोडीची पारख करत होते.

न्यूझीलंडमध्ये रायगवतावर चरणाऱ्या मेंढ्या लडखडून पडत. १९८१ मध्ये त्याचेही मूळ आतल्या बुरशीत सापडले. तिथले विष लोलिट्रेम बी. पण त्याच बुरशीचे पेरामीन हे द्रव्य गवत पोखरणाऱ्या अर्जेंटिनियन सोंडकिड्याला दूर ठेवते. म्हणून पेरामीन देणारे पण लोलिट्रेम आणि अर्गोव्हॅलिन न बनवणारे बुरशीचे नैसर्गिक प्रकार शोधून गवतात सोडण्यात आले. २००० च्या सुमारास असे बियाणे अमेरिका आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांत विक्रीला आले.

भारतातला गाजलेला नमुना थरच्या वाळवंटातला. अजित वर्मा आणि सहकाऱ्यांना तिथल्या झुडपांच्या मुळांजवळच्या मातीत पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी मिळाली आणि १९९८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज तिला सेरेंडिपिटा इंडिका म्हणतात. ती अनेक पिकांच्या मुळांत राहते आणि मायकोरायझासारखी जिवंत मुळावर अवलंबून न राहता कृत्रिम माध्यमावरही वाढते. जर्मनीतल्या २००५ च्या अभ्यासात तिच्यामुळे सातूची क्षारसहनशीलता आणि उत्पन्न वाढले. बुरशी मुळात असूनही पानांवरचा भुरी रोग कमी झाला. मात्र सातूच्या मुळात ती पसरते तेव्हा काही पेशी मरतात. सहजीवन आणि आक्रमण यांतली सीमा इतकी अरुंद आहे.

आपल्याकडे किडी मारण्यासाठी फवारली जाणारी बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी मक्याच्या खोडात शिरून राहते आणि खोडकिडीचे बोगदे कमी करते, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत दिसले. मेटारायझियम ही कीडनाशक बुरशी तर मारलेल्या किड्यातला नायट्रोजन मुळांना पोचवते. उलट मक्यातलीच फ्युझॅरियम व्हर्टिसिलिऑइडिस अनेकदा लक्षणांशिवाय राहते, पण ताण आला की कणीस कुजवते आणि दाण्यात फ्युमोनिसिन हे विष सोडते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली, त्यामागे हेच विष होते.

अंतर्वासी बुरशी विकत घेऊन वापरताना बियाण्याची साठवण कळीची ठरते. उष्ण, दमट गोदामात आतली एपिक्लोई बीच्या आधी मरते. बी उगवते, पीक उभे राहते, पण बुरशी त्यात नसते. म्हणून असे बियाणे थंड, कोरड्या जागी ठेवतात आणि विक्रीपूर्वी उगवणीबरोबर बुरशी जिवंत आहे का, हेही तपासतात.