सीआरपी आणि सीएसपी: पैसे नेमके कशाचे?

अमेरिकेत शेत पडीक ठेवलं तरी सरकार पैसे देतं, असं आपल्याकडे अनेकजण सांगतात. हे एका योजनेपुरतंच खरं आहे, आणि तिथेही 'पडीक' म्हणणं चूक आहे. ती योजना म्हणजे कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, सीआरपी. तिच्या जोडीला आहे कॉन्झर्व्हेशन स्ट्युअर्डशिप प्रोग्रॅम, सीएसपी. दोन्ही केंद्राच्या कृषी खात्याच्या, दोन्हींचे पैसे दरवर्षी येतात. सीआरपी फार्म सर्व्हिस एजन्सी चालवते आणि सीएसपी नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस, पण काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ही दोन्ही कार्यालयं बहुधा एकाच इमारतीत असतात. गोंधळ तिथूनच वाढतो.

सीआरपी कळण्यासाठी कोलोरॅडोच्या आग्नेय टोकाची बाका काउंटी पाहावी. गवताळ माळ नांगरून तिथे गहू पेरला गेला. पुढे १९३० च्या दशकात पावसाने ओढ दिली आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उडून गेली. अशा झिजणाऱ्या जमिनींसाठी १९८५ च्या कायद्याने सीआरपी आणली. सरकार ती जमीन १० ते १५ वर्षं खंडाने घेतल्यासारखंच आहे. मालकाने पीक घ्यायचं नाही, पण गवत किंवा झाडं लावायची, जगवायची, तण काढायचं. खंड त्या मातीचा कस आणि त्या काउंटीतला चालू दर पाहून ठरतो. करार मधेच मोडला तर मिळालेले पैसे व्याजासकट परत करावे लागतात.

सीएसपी २००८ च्या कायद्यातली. इथे नांगर थांबत नाही. करार ५ वर्षांचा आणि एखाद्या तुकड्याचा नव्हे, तर कसत असलेल्या सगळ्या जमिनीचा. आधीपासून नीट सांभाळलेल्या मातीपाण्याचे पैसे मिळतात, आणि त्यावर नवीन काही केल्याचेही: दोन पिकांच्या मधल्या काळात आच्छादन पीक, खताची मोजून मात्रा, कुरणात पाळीपाळीने चराई. शेत आधीच बऱ्यापैकी राखलेलं नसेल, तर अर्ज पात्रच ठरत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फरक मालक आणि कसणारा यांच्यातला. अमेरिकेतही पुष्कळ जमीन खंडाने कसली जाते आणि मालक दूरच्या शहरात राहतो. सीएसपीचा करार जमीन ज्याच्या ताब्यात आहे आणि जो ती कसतो त्याच्याशी होतो. तो कूळ असला तरी चालतं. सीआरपीत खंडाचा पैसा मुख्यतः मालकाकडे जातो. कुळाला हुसकावून जमीन योजनेत घालू नये असा नियम आहे, तरी दहा वर्षं गवत उभं राहिलं की कसणाऱ्याला तिथे काम उरत नाही. बियाणं, खत, डिझेल विकणाऱ्या गावच्या दुकानांनाही झळ बसते. म्हणूनच काउंटीतल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी साधारण २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन सीआरपीत घेत नाहीत, अपवाद सोडल्यास. ही मर्यादा मला रास्त वाटते. माती वाचवताना गाव ओस पडता कामा नये.

तरीही, अगदी ठिसूळ माळावर मी सीआरपीच निवडेन. तिथे सुधारित नांगरणीही मातीला जडच जाते. अडचण आहे ती करार संपल्यावरची. २००७ मध्ये सीआरपीखाली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. मग धान्याचे भाव चढले, मुदत संपलेली बरीच शेतं पुन्हा नांगरली गेली, आणि २०१४ च्या कायद्याने योजनेची कमाल मर्यादाही २ कोटी ४० लाख एकरांपर्यंत खाली आणली. पुढे २०१८ मध्ये ती २ कोटी ७० लाख झाली.

एकाच तुकड्यावर दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी मिळत नाहीत. मात्र सीआरपीच्या शेवटच्या वर्षात त्याच जमिनीसाठी सीएसपीचा अर्ज करता येतो. मुदत संपत आलेल्या मालकाने गवत मोडण्याआधी ही वाट जरूर तपासावी. तिथे कुरण राखून जनावरं चारता येतात आणि मातीही जागच्या जागी राहते.